केबल डिकीत, ॲव्हरेज ब्रोशरात

प्रश्न: काका, नमस्कार. मी फर्मागुडीला राहते, मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. यंदा फेब्रुवारीत आमच्या ह्यांनी मुंबईच्या एका डीलरकडून सेकंड हॅण्ड गाडी आणली. प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोलवरही चालते आणि घरच्या प्लगवर चार्ज होणाऱ्या बॅटरीवरही, २०१८ची, सात सीटची. जुन्या ब्रोशरात ॲव्हरेज लिटरला ४७ किलोमीटर छापलंय, आणि नुसत्या बॅटरीवर ४० किलोमीटर जाते असंही. बॅटरी १२ युनिटांची आहे म्हणे. हे रोज पणजीला ऑफिसला जातात, जाऊन-येऊन ६० किलोमीटर. मी पहिल्या दिवसापासून वहीत हिशेब ठेवलाय. आठ महिन्यांचं ॲव्हरेज पडतं ११.३! ह्यांचं म्हणणं, गाडी चालता चालता आपोआप चार्ज होते, एक बटण दाबलं की झालं, घरी प्लग कशाला लावायचा? केबल डिकीतच पडून आहे. माझ्या भावाची साधी हायब्रिड आहे, तिला प्लगच नाही, तरी ती २०च्या वर देते. गणपतीच्या चवथीला सगळ्यांसमोर तो ह्यांना हसला. आता सांगा, डीलरने फसवलं, गाडीत बिघाड आहे, की ब्रोशर खोटं? विकून टाकावी का? वहीच्या पानांचे फोटो पाठवतेय.
ता. क. पावसात विजा चमकत असताना अशी गाडी चार्जिंगला लावली तर चालतं का? हे सासूबाईंनी विचारायला सांगितलंय.
– एक वहीवाली, फर्मागुडी

उत्तर:

नमस्कार बाई. पंचवीस वर्षं मी गाड्यांच्या खाली काढली, पण इतकी नेटकी वही आणणारं गिऱ्हाईक एकही भेटलं नाही. लोक येतात आणि म्हणतात, "गाडी पेट्रोल पिते हो." किती पिते विचारलं की वर आभाळाकडे बघतात. तुम्ही तारीख, मीटरचा आकडा, लिटर, रुपये, शिवाय शेवटच्या रकान्यात "बेळगाव", "पाहुणे", "एसी फुल" असे शेरेसुद्धा लिहिलेत. त्यामुळे गाडी न बघताही बरंच सांगता येतं.

आधी तुमच्या तीन संशयितांपैकी दोघांना सोडून देऊ. गाडीत बिघाड असल्याचं वहीत काही दिसत नाही. बिघाड असता तर आकडा बहुधा महिन्यागणिक घसरत गेला असता. तुमचा ११च्या आसपास ठाण मांडून बसलाय. डीलरने ॲव्हरेजच्या बाबतीत तरी फसवलेलं नाही, त्याने छापील कागद दाखवला एवढंच. उरलं ब्रोशर. ते खोटं नाही, पण त्याची गंमत तुमच्या चौथीच्या वर्गालासुद्धा गणित म्हणून घालता येईल अशी आहे.

२०१८च्या आधी डिझाइन झालेल्या या गाड्यांचे आकडे युरोपातल्या जुन्या चाचणीतून आलेत. गाडी रोलरवर चढवायची, एसी बंद, वीसेक मिनिटांचा ठरलेला वेग-आलेख, आणि मोजायचं. प्लग-इनसाठी त्यात एक खास सूत्र होतं. आधी भरलेल्या बॅटरीवर गाडी किती लांब जाते ते बघायचं. मग बॅटरी रिकामी असताना पेट्रोल किती खाते ते बघायचं. आणि मग असं गृहीत धरायचं, की माणूस बॅटरी संपल्यावर फक्त २५ किलोमीटर पेट्रोलवर जातो आणि लगेच पुन्हा प्लग लावतो. हे २५ किलोमीटर नियमातच लिहिलेले होते. आता तुमची गाडी घाला त्यात. ४० किलोमीटर बॅटरीवर, म्हणजे शून्य पेट्रोल. पुढचे २५ पेट्रोलवर, लिटरला १८च्या हिशेबाने, म्हणजे १.४ लिटरच्या आत. एकूण ६५ किलोमीटर, भागिले तेवढं पेट्रोल. आलं ना ४७?

म्हणजे ४७ हा आकडा गाडीचा नाहीच. तो गाडी अधिक प्लग अधिक एका काल्पनिक माणसाच्या सवयीचा आहे. तो माणूस ६५ किलोमीटरला एकदा प्लग लावतो. तुमच्या यजमानांनी आठ महिन्यांत एकदाही लावलेला नाही.

नुसत्या पेट्रोलच्या गाडीत ब्रोशर आणि रस्ता यांत फरक पडतो तो उजव्या पायाचा, एसीचा, ट्रॅफिकचा. पंधरा-वीस टक्के, फार तर पंचवीस. प्लग-इनमध्ये तो काही पटींनी पडतो. युरोपात २०२१पासून नव्या गाड्यांमध्ये इंधन मोजून नोंदवणारी यंत्रणा सक्तीची आहे. तिथली लाखो गाड्यांची माहिती गोळा करून युरोपीय आयोगाने मार्च २०२४मध्ये अहवाल काढला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्या रस्त्यावर छापील आकड्यापेक्षा साधारण २० टक्के जास्त पितात, आणि प्लग-इन सरासरी साडेतीन पट. तुमची ११.३ ही ४७च्या चौथ्या हिश्शाला लागून आहे. तुम्ही काही जगावेगळ्या नाही.

त्याच्या आधी, २०२२मध्ये, आयसीसीटी या वाहतुकीवर संशोधन करणाऱ्या संस्थेने युरोपातल्या प्लग-इनचा अभ्यास केला होता. त्यात माणसांचे दोन गट पडले. स्वतःच्या पैशाने गाडी घेतलेले लोक लिटरला २३ ते २५ किलोमीटर काढत होते. ज्यांना कंपनीने गाडी दिली आणि पेट्रोलचं कार्डही दिलं, ते १२-१३. दोन्ही गटांत तशाच गाड्या, पण ज्याच्या पेट्रोलचे पैसे दुसरा भरतो त्याला रात्री केबल ओढायचा कंटाळा. विलायतेत तर कंपन्यांकडून अशा गाड्या परत आल्या तेव्हा काहींची केबल प्लॅस्टिकच्या वेष्टनात जशीच्या तशी सापडली होती. तुमच्या यजमानांना पेट्रोलचं कार्ड मिळालेलं नाही, तरी ते त्या दुसऱ्या गटात जाऊन बसलेत. हे त्यांना जेवताना सांगू नका, चहा झाल्यावर सांगा.

आता त्या बटणाकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे.

संध्याकाळी पणजीहून निघताना ते "चार्ज"चं बटण दाबतात. इंजिन गाडी ओढतं, वर बॅटरीही भरतं. फर्मागुडीला पोचेपर्यंत काटा अर्ध्याच्या वर आलेला दिसतो आणि माणूस खूश. सकाळी निघताना गाडी आवाज न करता उतार उतरते, म्हार्दोळ, मंगेशी, कुंडई करत जुने गोवे येईपर्यंत इंजिन चालूही होत नाही. वाटतं फुकटात आलो. पण ती वीज आली कुठून? आदल्या संध्याकाळच्या पेट्रोलमधून. एक लिटर पेट्रोल जाळलं तर त्यातली बरीच ऊर्जा सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून उष्णता म्हणून निघून जाते. उरली त्याची जनरेटरमध्ये वीज होताना गळती, बॅटरीत शिरताना गळती, बाहेर पडताना पुन्हा गळती. मोठ्या मनाने धरलं तरी लिटरमागे अडीच युनिट हाती लागतात. म्हणजे तासाभराच्या रस्त्यात ५ युनिट भरायला २ लिटर पेट्रोल गेलं, १९४ रुपये, लिटरला ९७ धरून. तेवढीच वीज घरच्या प्लगमधून गळतीसकट पावणेसहा युनिटांत येते. युनिटला ६ रुपये धरा. आपल्याकडे स्लॅब आहेत, पण वरच्या बाजूचाच धरलेला बरा. झाले ३५ रुपये. ५ युनिटांत ही दोन टनांच्या वरची गाडी एसी लावून १६-१७ किलोमीटर जाते. १६ किलोमीटरला २ लिटर, म्हणजे लिटरला ८. ज्याला फुकटचा प्रवास समजतात तो दिवसातला सगळ्यात महागडा प्रवास आहे!

उरलेले ४४ किलोमीटर सरळ पेट्रोलवर, हिशेबाला लिटरला १३ धरले तर ३.४ लिटर. दोन्ही मिळून दिवसाला ५.४ लिटर, ६० किलोमीटर. करा भागाकार. ११.१ येतो. तुमची वही ११.३ म्हणते. इतका जवळ हिशेब लागला की मला स्वतःलाच आनंद होतो.

(हे बटण निरुपयोगी नाही. लांबच्या हमरस्त्यावर इंजिन निवांत चाललंय आणि पुढे गावात शिरायचंय, तर वीज राखून ठेवायचं वेगळं बटण असतं, तेही वापरता येतं. पण रोज ऑफिसहून येताना दाबायचं ते बटण नव्हे.)

तुमच्या वहीतली दोन पानं मी वेगळी काढून ठेवली. एक चवथीच्या आठवड्याचं. त्या आठवड्यात ऑफिस बंद, लांब कुठे गेला नाहीत, तरी ॲव्हरेज ८.२! शेरा आहे "माटोळीचं सामान, कवळे, फोंडा बाजार". म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळभाज्यांच्या माटोळीसाठी दोन-तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या. गाडी काढायची, बाजारात थांबवायची, अर्ध्या तासाने पुन्हा काढायची. संध्याकाळची चार्जची फेरी नसल्याने बॅटरी तळाला, म्हणून प्रत्येक फेरीला इंजिन चालू, आणि ते गरम व्हायच्या आत पुन्हा बंद. थंड इंजिन पेट्रोल जास्त ओढतं, त्यात मागे दोन टन. गंमत बघा, अख्ख्या वर्षात प्लग-इन ज्या कामासाठी जन्माला आली ते हेच आठ दिवस होते. रात्री प्लग लावला असता तर माटोळीच्या सुपाऱ्या, नारळ, कवंडळं सगळं एक थेंब पेट्रोल न जाळता घरी आलं असतं.

दुसरं पान बेळगावचं. १४.६, तुमच्या वहीतला सगळ्यात चांगला आकडा. चोर्ला घाट चढूनसुद्धा. लोकांना वाटतं घाटात गाडी पेट्रोल पिते, आणि चढताना पितेच. पण इंजिन तेव्हा भरपूर काम करत असतं, आणि भरपूर काम करणारं इंजिन टिवल्याबावल्या करणाऱ्या इंजिनापेक्षा लिटरमागे जास्त काम देतं. शिवाय उतरताना ही गाडी ब्रेक लावता लावता बॅटरी भरते. पायथ्याच्या केरीपर्यंत साधारण ७०० मीटर खाली यायचं, गाडी माणसांसकट अडीच टनाला टेकलेली. कागदावर साडेचार युनिट होतात, हवा आणि टायर आपला हिस्सा घेतात, तरी दोन-अडीच युनिट बॅटरीत परत येतात. सात-आठ किलोमीटर. एकच अट, बॅटरीत जागा हवी. बेळगावात नातेवाइकांकडे रात्री फुल चार्ज करून सकाळी निघालात, तर ती वीज बेळगाव शहरात आणि पुढच्या सपाटीला संपवून टाका. घाटमाथ्यावर भरलेली बॅटरी घेऊन आलात तर उतार वाया. तुमचं घरही फर्मागुडीला उंचावर आहे, तिथला उतार फार नाही म्हणून मी तिकडे लक्ष देणार नाही. वाटलं तर ९५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवा, नाहीतर सोडून द्या.

आता भावाच्या हसण्याचं बघू. त्याची गाडी बहुधा हल्लीच्या स्ट्राँग हायब्रिडपैकी असणार. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरच्या हायब्रिडचा सरकारी चाचणीतला आकडा २७.९७ आहे आणि नीट चालवणाऱ्याला २०-२२ मिळतात. तिची बॅटरी पाऊण युनिटाची. घरचा गीझर वीस-पंचवीस मिनिटं चालला की तेवढी वीज संपते. तिला प्लग नाही कारण तेवढ्यासाठी प्लग लावण्यात अर्थच नाही. ती ब्रेकमधून आणि इंजिनाच्या उरल्यासुरल्या ताकदीतून थोडं थोडं गोळा करते आणि लगेच खर्च करते. हातावर पोट. वजन तुमच्या गाडीच्या निम्म्याहून थोडं जास्त, इंजिन लहान. मालकाने काहीच केलं नाही तरी ती तिचं काम करते. तुमची गाडी तशी नाही. तिच्या पोटात सोळा पट मोठी बॅटरी आहे, आणि ती रिकामी असली की नुसता बोजा. रिकामी घागर डोक्यावर घेऊन विहिरीवर जायचं आणि न भरता परत यायचं, असं रोज चाललंय.

भावाच्या आणि तुमच्या गाडीची ॲव्हरेजवरून तुलना होत नाही ती आणखी एका कारणाने. लिटरला किलोमीटर हे माप प्लग-इनला लागूच पडत नाही. समजा यजमानांनी रोज रात्री घरी प्लग लावला. बॅटरी १२ युनिटांची म्हणतात, पण गाडी त्यातली सगळी वापरू देत नाही, ९ धरा. त्यावर खरोखरचे ३० किलोमीटर जातील, ४० नव्हे. सकाळी पणजी गाठली बॅटरीवर, संध्याकाळी आले पेट्रोलवर. महिन्याचे २५ दिवस, १५०० किलोमीटर. निम्मे बॅटरीवर, रोज भिंतीतून साडेदहा युनिट, म्हणजे महिन्याला २६२ युनिट, १,५७५ रुपये. निम्मे पेट्रोलवर, १३च्या हिशेबाने ५८ लिटरला थोडं कमी, ५,६०० रुपये. एकूण ७,१७५ रुपये. आज तुम्ही भरताय साधारण १३३ लिटरचे १२,८७५. महिन्याला ५,७०० रुपये त्या डिकीतल्या केबलमध्ये गुंडाळून ठेवलेत.

तेव्हा गाडीचा पडदा दाखवेल ॲव्हरेज २६. पणजीच्या ऑफिसात दिवसा प्लग मिळाला तर परतीचा प्रवासही बॅटरीवर, आणि पडदा ९९ वगैरे काहीतरी दाखवून गप्प बसेल. दोन्ही आकड्यांत वीज मोजलेलीच नाही. म्हणून वहीत आणखी एक रकाना आखा, "युनिट". गाडीच्या पॉइंटला एक वेगळा छोटा सबमीटर बसवून घ्या. पेट्रोल त्याच पंपावर, टाकी फुल ते टाकी फुल. महिनाअखेरीला लिटरचे रुपये आणि युनिटचे रुपये यांची बेरीज करा आणि किलोमीटरने भागा. आज तुम्हाला किलोमीटरला साडेआठ रुपये पडतात, प्लग लावल्यावर पावणेपाच. भावाच्या गाडीचे याच रीतीने साडेचार-पावणेपाच येतील. म्हणजे तुमचं अजस्र धूड त्याच्या गाडीइतक्याच खर्चात चालेल. त्यापेक्षा जास्त जिंकण्याची आशा ठेवू नका. ऑफिसात प्लग मिळाला तर मात्र तुम्ही हसाल.

सबमीटरचा आणखी एक उपयोग, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गाडी सात-आठ वर्षांची आहे, आधीच्या मालकाने बॅटरी कशी वापरली कुणास ठाऊक. काटा तळाला आणा, पूर्ण चार्ज करा आणि सबमीटरवर किती युनिट चढले ते लिहा. दहाच्या आसपास असले तर बॅटरी ठणठणीत. सहा-सात चढून "फुल" म्हणाली तर ती म्हातारी झाली. अशा बॅटरीवर बऱ्याच कंपन्या आठ वर्षांची हमी देतात. तुमची २०१८ची, म्हणजे मुदत काठावर आली किंवा उलटून गेली. विकायचं की ठेवायचं हे ठरवण्याआधी या आठवड्यात ते कागद काढा आणि तारीख बघा. युनिट कमी चढले आणि हमी शिल्लक असली तर अधिकृत वर्कशॉपमध्ये बॅटरीची तपासणी लेखी मागा. तोंडी "ठीक आहे" ऐकून परत येऊ नका.

प्लग कुठे आणि कसा लावायचा, यावर मी जरा रेंगाळणार, कारण आपल्या गोव्यात गाडी इथेच अडते. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. गीझरला असतो तसा पंधरा अँपचा पॉइंट, थेट मीटरपेटीतून स्वतंत्र वायर, स्वतःचा एमसीबी आणि शॉक लागू नये म्हणून आरसीसीबी. केबल १० अँपिअर खेचते असं धरलं तर रात्री साडेदहाला लावली की पहाटे तीन-सव्वातीनला भरलेली. गीझर, मिक्सर, गाडी एकाच वेळी चालू झाली आणि मेन ट्रिप व्हायला लागला, तर बिलावरचा सँक्शन लोड, म्हणजे घराला मंजूर असलेला विजेचा भार, बघा आणि वीज खात्यात अर्ज करून वाढवून घ्या.

आणि अर्थिंग! डिचोलीला माझ्या मावसभावाकडे अशीच एक गाडी आहे. एप्रिल-मेमध्ये ती चार्जच होईना. केबलच्या डबीवर लाल दिवा. त्याने केबल बदलली, सॉकेट बदलला, मलाही बोलावून घेतलं. मी दोन तास गाडीत डोकं घालून बसलो आणि हात हलवत परत आलो. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला आणि गाडी आपली आपण चार्ज व्हायला लागली. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. घर चिऱ्याच्या खडकावर, अर्थिंगचा खड्डा उथळ, उन्हाळ्यात जमीन कोरडी ठक्क. अर्थ मिळत नाही म्हणून डबी वीज सोडत नव्हती, आणि तिचंच बरोबर होतं. मग खोल खड्डा करून त्यात कोळसा-मीठ भरून नवी पट्टी घातली. आता मेमध्ये तो खड्ड्यात बादलीभर पाणी ओततो आणि निश्चिंत झोपतो. तुमची फर्मागुडीची जमीनही तीच, चिऱ्याची. जुनं घर असेल तर इलेक्ट्रिशियनला पॉइंट काढायच्या आधी अर्थ मोजायला लावा. अर्थ मोजायच्या मीटरशिवाय नुसता टेस्टर घेऊन आला तर चहा पाजून परत पाठवा.

विकावी का? माझं मत, आत्ता नको. एक तर अशा गाड्यांना आपल्याकडे गिऱ्हाईक मोजकंच. भारतात प्लग-इन आल्या त्या जवळपास सगळ्या महागड्या वर्गात. मोठ्या हायब्रिडवर २०१७पासून जीएसटी आणि सेस मिळून ४३ टक्के कर होता, आता ४० आहे. पूर्ण विजेच्या गाडीवर ५. मग स्वस्त प्लग-इन कोण आणणार? विकायला काढलीत तर पडेल किमतीत जाईल. दुसरं, तुमच्याकडे स्वतःचं घर आहे, गाडी आवारात उभी राहते, रोजचा रस्ता ठरलेला आणि एका बाजूचा तरी बॅटरीच्या आवाक्यातला. प्लग-इनला याहून चांगलं घर मिळणार नाही. ज्यांच्याकडे ना पार्किंगला प्लग, ना ऑफिसला, अशा पणजीतल्या फ्लॅटवाल्याने विचारलं असतं तर मी त्याला उद्याच विक म्हटलं असतं. तीन महिने प्लग लावून चालवा. तुम्ही पणजीत फ्लॅट घ्यायच्या विचारात असाल तर मात्र आधीच सांगा, उत्तर बदलेल.

एवढं करूनही चाचणीच्या हिशेबातले ते १८ पेट्रोलवर मिळणार नाहीत हे यजमानांना सांगून ठेवा. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि त्यामुळे लिटरमागे ऊर्जाच सहा-सात टक्के कमी मिळते. तुमची २०१८ची गाडी त्या पेट्रोलसाठी बनवलेली आहे का, तेही अधिकृत वर्कशॉपला विचारा. उद्या बहुतेक प्रवास बॅटरीवर व्हायला लागला तर टाकी फुल करून महिनोन्महिने ठेवू नका. आपली दमट हवा आणि इथेनॉल, दोघं मिळून पाणी धरतात. महिन्यातून एकदा मडगाव-बिडगावकडे पेट्रोलवर चक्कर मारून या, इंजिनालाही बरं वाटतं. टायरमधली हवा दर पंधरवड्याला. एवढ्या वजनाच्या गाडीला कमी हवा फार महाग पडते.

सासूबाईंना सांगा, त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. पावसात चार्जिंग चालतं, सॉकेट छपराखाली आणि झाकणाचा असला पाहिजे, आणि केबलची डबी जमिनीवर पागोळ्यांच्या पाण्यात लोळता कामा नये, खिळ्याला टांगा. पण विजा कडाडायला लागल्या की टीव्हीचा प्लग काढतो तसा गाडीचाही काढायचा. ही गाडी त्या रात्री चार्ज झाली नाही तरी सकाळी पणजीला जाईलच, टाकीत पेट्रोल आहे. आणि आधी डिकीतली केबल बाहेर काढून बघा, तिची पिन पंधरा अँपच्या सॉकेटची आहे की नाही. नसली तर अडॅप्टर लावत बसू नका, मला फोटो पाठवा.